वाडीपर्यंत जाणारी गाडी: काय बदलले, काय बदलले नाही आणि का




गेल्या उपकारस्तुतीच्या उपासनेनंतर चहा घेताना एका मंडळीतील वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला सरळ विचारले, "गाडी तर तुम्हांला घेऊन दिली. मग दरवर्षी गाडीच्या नावाने पुन्हा दान कशाला मागता?" प्रश्न रास्त होता. दान देणाऱ्याला हिशेब मागण्याचा हक्क आहे. त्या दिवशी मी चार वाक्यांत उत्तर दिले, पण ते मलाच अपुरे वाटले. या गाडीची देखभाल माझ्याकडे आहे आणि पेण व रोहे तालुक्यांतील बहुतेक फेऱ्यांना मीच ती चालवतो. म्हणून या अंकात सविस्तर सांगतो. गाडीत आम्ही काय बदल केले, कोणते केले नाहीत आणि कुठे चुकलो, तेही सांगतो.

वाट कशी आहे

मुंबई-गोवा महामार्गाने पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड असा प्रवास आपल्यापैकी अनेकांनी केला आहे. या रस्त्याच्या पूर्वेला डोंगर चढत चढत सह्याद्रीला भिडतात. त्या उतारांवर कातकरी आणि ठाकूर बांधवांच्या वाड्या आहेत. डांबरी रस्ता एखाद्या महसुली गावाशी संपतो आणि तिथून पुढे दोन ते सहा किलोमीटर कच्ची वाट असते. उन्हाळ्यात ती धुळीची आणि सुट्या दगडांची. पावसाळ्यात तिचे तीन भाग होतात: खाली भातखाचरांच्या कडेचा काळा चिखल, मध्ये ओहोळ आणि वर तांबड्या मातीचा निसरडा चढ.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मे महिन्यात श्रमदानाने नीट केलेली वाट जुलैत ओळखू येत नाही.

दुसरी गोष्ट माणसांच्या येण्याजाण्याची. शासनाने महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना आदिम जमाती ठरवले, त्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. पूर्वी खैराच्या झाडापासून कात काढणारे कातकरी आज दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर कुटुंबकबिल्यासह निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे वाडी भरलेली असते तेव्हा वाट नसते आणि वाट चांगली असते तेव्हा वाडी रिकामी असते. वर्षातले पाच महिने आमची गाडी भट्ट्यांवर जाते, तिथे साधी गाडीही चालेल. प्रश्न असतो तो उरलेल्या महिन्यांचा.

आधी आम्ही भाड्याने पिकअप घेत असू. पण पेण हे गणपतीच्या मूर्तींचे गाव. आषाढ-श्रावणात पेणमधली पिकअप मूर्ती पोहोचवण्यात गुंतलेली असते आणि नेमकी तेव्हाच आम्हांला तिची गरज. शिवाय कोणता मालक आपली गाडी त्या चिखलात घालील? त्यांना दोष नाही. म्हणून स्वतःची गाडी घ्यावी लागली.

कोणती गाडी आणि का

आम्ही जुनी, पण फोरव्हील असलेली बोलेरो कॅम्पर घेतली. हिला पुढे-मागे मिळून पाच माणसांची बंद केबिन आणि मागे उघडा हौदा आहे. जीप घेतली असती तर माणसे बसली असती, पण तांदळाची पोती, पाण्याची टाकी, शाळेची बाके नेता आली नसती. साधी पिकअप घेतली असती तर माल गेला असता, पण आजारी माणूस कुठे ठेवायचा?

"फोरव्हील" म्हणजे नेमके काय, ते थोडक्यात सांगतो. साध्या पिकअपमध्ये इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळते. हौदा रिकामा असला की मागे वजन नसते, त्यामुळे ही चाके चिखलात नुसती फिरतात. फोरव्हील लावल्यावर ताकद पुढच्या चाकांनाही जाते. "लो" गिअर टाकला की गाडी माणसाच्या चालीने, पण मोठ्या जोराने चढते. उतारावर हाच गिअर गाडी धरून ठेवतो, ब्रेकवर सगळा भार येत नाही.

पण यालाही मर्यादा आहे. एकाच एक्सलवरचे एक चाक खड्ड्यात अधांतरी झाले की ताकद त्याच चाकाकडे पळते आणि जमिनीवर असलेले चाक स्वस्थ बसते. म्हणून फोरव्हील असूनही गाडी अडकते. चालकाने वाट आधी पायी पाहून चाक कुठे ठेवायचे ते ठरवणे हा पहिला उपाय. त्याला पैसे लागत नाहीत.

पहिली चूक: उंची आणि पाटे

गाडी आली तेव्हा सगळ्यांनी सल्ला दिला, "उंच करून घ्या." एका गॅरेजमध्ये आम्ही मागच्या दोन्ही बाजूंच्या पाट्यांत एकेक जाड पाटा वाढवला. गाडी तीन-चार बोटे उंच झाली, दिसायला दणकट दिसू लागली. फोटोही काढले.

त्याच पावसाळ्यात रोह्याच्या बाजूच्या एका वाडीतून दिवस भरलेल्या एका ताईला खाली आणत होतो. हौदा रिकामा होता. एवढे जाड पाटे वाकायला वजनच नव्हते, त्यामुळे प्रत्येक दगडावर गाडी उडत होती. अर्ध्या वाटेवर त्या ताईने दाराची कडी धरली आणि म्हणाली, "दादा, थांबवा. मी चालत जाते. ही गाडी नको." ती खाली उतरली आणि सासूचा हात धरून पाऊण तास पावसात चालत डांबरी रस्त्याला आली. मी मोकळी गाडी घेऊन तिच्या मागे मागे चाललो होतो. रुग्णवाहिका वेळेवर आली, बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, प्रभूचे उपकार. पण तो पाऊण तास मी विसरलेलो नाही. आपण दिलेल्या दानातून आम्ही गाडी उंच केली होती आणि जिच्यासाठी ती होती, तिलाच त्यात बसवेना.

दुसऱ्याच आठवड्यात जादा पाटे काढले. त्याऐवजी तीन गोष्टी केल्या. जुने झिजलेले शॉकअप बदलले. पाट्यांचे रबरी बुश बदलले. आणि हौद्यात, मागच्या एक्सलच्या अगदी वर, तळाशी पाण्याची १५० लिटरची टाकी पक्की बांधली. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे दीडशे किलो वजन नेहमी योग्य जागी बसते. पाटे मऊ चालतात, मागची चाके जमीन धरतात आणि वाडीत पिण्याचे पाणीही पोहोचते.

उंचीबद्दल आणखी एक. गाडी उंच केली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो. डोंगराच्या कडेच्या तिरक्या वाटेवर अशी गाडी लवकर कलंडते. आमच्या वाटांवर दगड पोटाला लागण्यापेक्षा गाडी दरीकडे झुकण्याची भीती मोठी आहे. त्यामुळे इंजिनाच्या तेलपात्राखाली लोखंडी पत्र्याची ढाल बसवली आणि उंची कंपनीने दिली तेवढीच ठेवली.

टायर आणि हवा

मला एकच बदल करायची मुभा मिळाली, तर मी टायर बदलीन. नोंदणीत आहे त्याच मापाचे, पण खोल खाचांचे टायर आम्ही वापरतो. चिखल खाचांत अडकून न राहता फेकला गेला पाहिजे. खाचा झिजल्या की तेच टायर महामार्गावर चालतात, वाडीच्या चढावर चालत नाहीत. म्हणून दर दोन पावसाळ्यांनी टायर हा खर्च येतोच. वडीलधाऱ्या गृहस्थांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे.

टायरइतकीच महत्त्वाची हवा. डांबर संपले की आम्ही चारही चाकांतली हवा साधारण एक तृतीयांशाने कमी करतो. टायर जमिनीवर पसरतो, जास्त जागा धरतो आणि दगडावर आपटण्याऐवजी त्याला कवेत घेतो. प्रवाशाला धक्काही कमी बसतो. मात्र कमी हवेने महामार्गावर वेगात जाणे धोक्याचे आहे. टायर तापतो आणि फुटू शकतो. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप गाडीत असतो. परत डांबराला लागल्यावर आधी हवा भरायची, मगच पुढे. यात पंधरा-वीस मिनिटे जातात. आजारी माणूस गाडीत असेल तर तो तोवर रुग्णवाहिकेत गेलेला असतो, कारण १०८ क्रमांकाची गाडी डांबराच्या टोकापर्यंत येते. आपल्या गाडीचे काम वाडी ते डांबर एवढेच आहे.

झोळीने शिकवलेली गोष्ट

वाडीतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आजाऱ्याला झोळीतून नेत आली आहेत. एक दणकट बांबू, त्याला बांधलेली चादर किंवा घोंगडी आणि खांदे बदलणारे चार-सहा जण. आम्ही शहरातून घडीचे स्ट्रेचर आणले. ते अरुंद पायवाटेवर वळेना आणि उतारावर त्यातला माणूस घसरू लागला. माणसांनी ते बाजूला ठेवले आणि पुन्हा झोळी केली.

मग आम्ही त्यांनाच विचारले, की गाडीत काय करावे? एका ठाकूर दादांनी सांगितले, "त्याला झोळीतून काढायचेच नाही. बांबू काढा, चादर तशीच आत घ्या." आम्ही तेच केले. मागच्या आसनापुढे पाय ठेवायची जी खोलगट जागा असते, तिच्या मापाची प्लायवूडची पेटी केली. पेटी ठेवली की आसन आणि पेटी मिळून सपाट बिछाना होतो. चादरीसकट माणूस त्यावर येतो, पाय थोडे दुमडून निजतो, डोके सोबतच्या बाईच्या मांडीवर. दोन रुंद सुती पट्ट्यांनी त्याला सैलसर बांधतो. खाली रुग्णवाहिकेत जातानाही तो त्याच चादरीत जातो. दोनदा उचलण्याची यातना वाचते. पेटी बाहेर काढली की आसन पूर्वीसारखे. औषधे, हातमोजे, बॅटऱ्या, स्वच्छ चादरी त्याच पेटीत राहतात.

चौघांनी पक्षघाती माणसाला खाटेसकट आणून छपरातून येशूपुढे उतरवल्याची गोष्ट आपण सगळे जाणतो. ती मी लहानपणापासून ऐकली, पण त्या चौघांच्या खांद्यांचा विचार मला या वाड्यांत येईपर्यंत सुचला नव्हता.

पाणी: सर्वांत कठीण निर्णय

एका हितचिंतकांनी मोठ्या प्रेमाने विचारले होते, "इंजिनाला हवा घेणारी उंच नळी बसवून देऊ का? म्हणजे गाडी पाण्यातून जाईल." अशा नळीने इंजिनात पाणी शिरत नाही, हे खरे. पण गाडी वाहून जाण्याचे कारण वेगळे असते. गाडी जितके पाणी बाजूला सारते, तितक्या वजनाने पाणी तिला वर उचलते. वाहते पाणी एक फूटभर असले तरी लहान मोटार तरंगू लागते, दोन फुटांना पिकअपसारखी जड गाडीही ढकलली जाते. इंजिन चालू असले तरी चाके जमिनीवरच नसतील, तर उपयोग काय? नळी बसवली असती तर मला खोटा धीर आला असता. म्हणून आम्ही ती आभार मानून नाकारली.

त्याऐवजी एक स्वस्त काम केले. एक्सलच्या वर हवा जाण्यायेण्यासाठी एक लहानसे छिद्र असते. चालून तापलेला एक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि त्या छिद्रातून पाणी ओढले जाते. तेलात पाणी मिसळते आणि काही महिन्यांनी दाते झिजतात. त्या छिद्राला रबरी नळी जोडून तिचे टोक उंच, केबिनच्या मागे नेऊन बांधले. खर्च काहीशे रुपये. पाण्यातून गेल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवायचे, हाही नियम.

ओहोळाच्या कडेच्या मोठ्या दगडावर आम्ही एक पांढरा पट्टा रंगवला आहे, साधारण गुडघ्याच्या खाली येईल असा. पट्टा दिसतो तोवर गाडी जाते. पट्टा बुडाला की जात नाही. तळ दिसत नसेल आणि पाणी तांबडे, वेगात असेल, तर पट्टा दिसत असला तरी जात नाही. वर घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की खाली ऊन असतानाही ओहोळ अर्ध्या तासात चढतो.

हा नियम कागदावर सोपा आहे. दोन वर्षांपूर्वी श्रावणात रात्री दहाच्या सुमारास फोन आला. वाडीत एका मुलाला साप चावला होता. मी ओहोळापर्यंत गेलो. पट्टा बुडालेला होता. पलीकडे बॅटऱ्यांचे उजेड दिसत होते, माणसे हाका मारत होती. किल्ली माझ्या हातात होती. मी गाडी घातली नाही. ओरडून सांगितले की वरच्या सोंडेने झोळी घेऊन साकवाकडे या, मी फिरून तिकडे येतो. त्यांना दीड तास लागला. मुलाला पेणच्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशाची लस मिळाली आणि तो वाचला. पण त्या दीड तासात मी काय काय प्रार्थना केल्या, ते माझे मलाच ठाऊक. त्या मुलाचा बाप मला काही बोलला नाही, पण बरेच दिवस त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही.

सकाळी पाणी उतरल्यावर पाहिले, तर जिथून मी गाडी उतरवली असती, तिथला काठच तुटून गेला होता. हे मी स्वतःला बरोबर ठरवण्यासाठी सांगत नाही. रात्री मला ते दिसत नव्हते. मी फक्त नियम पाळला. नियम आधी, शांत डोक्याने ठरवलेला होता म्हणून तो पाळता आला.

त्यानंतर आम्ही गाडीत काही वाढवले नाही, पद्धत बदलली. आशाताईंकडून दिवस भरत आलेल्या बायांची यादी घेतो आणि मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर त्यांना आधीच खाली नातेवाइकांकडे आणतो. आणि फोन आला की पहिला प्रश्न असतो, "पट्टा दिसतो का?"

अडकल्यावर

चाक फिरू लागले की पाय वर घ्यायचा. जोर दिला की गाडी स्वतःची कबर स्वतः खणते. आमच्याकडे विजेवर चालणारी विंच नाही. ती जड असते, पुढच्या एक्सलवर भार टाकते आणि देखभाल मागते. त्याऐवजी हाताने चालवायची तारेची विंच आहे. ती मागूनही लावता येते, पुढूनही. दरड पडून वाट अडली तर झाडाचा ओंडका ओढायलाही तीच. झाडाला तार थेट बांधत नाही, रुंद पट्टा बांधतो, नाहीतर साल कापली जाते. ज्या आंब्याच्या, जांभळाच्या जिवावर वाडी जगते त्याला जखम करून सेवा कसली?

तार ताणलेली असताना तिच्यावर एक ओले पोते टाकतो आणि सगळ्यांना, विशेषतः मुलांना, तारेच्या लांबीहून दूर उभे करतो. तार तुटली तर ती चाबकासारखी फिरते. याशिवाय फावडे, कुदळ, पहार, दोन जाड फळ्या, जॅकखाली ठेवायला सागाचा चौकोनी ठोकळा आणि एक जादा स्टेपनी. चिखलात जॅक नुसता रुतत जातो, ठोकळा नसेल तर तो असून नसल्यासारखाच.

वजनाचा हिशेब

हौद्यावर लोखंडी चौकट आणि ताडपत्री आहे. चौकट मुद्दाम बुटकी ठेवली आहे, उंच चौकट वाऱ्याला आणि फांद्यांना अडते. जड वस्तू तळाशी, हलक्या वर. आमचा पावसाळी हिशेब असा: पाच माणसे सुमारे ३०० किलो, पाणी १५०, धान्य २००, अवजारे आणि जादा चाक ८०, चौकट व पेट्या १२०. एकूण ८५० किलो. ही गाडी साधारण एक टन भाराची. उरलेली मोकळी जागा पाहून "अजून दोन पोती टाका" असा आग्रह होतो, पण चिखल स्वतःच चाकांवर आणि पोटाला किती वजन चढवतो, ते खाली धुताना कळते.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. पुढे बसवतात ते जाड लोखंडी गार्डही चालत नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने त्यांच्यावर कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते. कारण साधे आहे. असे गार्ड पायी चालणाऱ्याला जास्त इजा करतात आणि धडकेचा धक्का थेट गाडीच्या सांगाड्याला देतात. आपल्या जिल्ह्याचे, एमएच-०६ चे परिवहन कार्यालय पेणलाच आहे. कोणताही बदल करण्याआधी तिथे विचारून घेणे हा आमचा रिवाज आहे. म्हणूनच मागचे आसन काढून टाकण्याऐवजी काढता-घालता येणारी पेटी केली. बेकायदा बदल केलेल्या गाडीला अपघात झाला तर विम्याचाही प्रश्न येतो आणि तो भुर्दंड शेवटी दानाच्या पैशातूनच भरावा लागेल.

सर्वांत अवघड नियम हौद्याचा. मालवाहू हौद्यात माणसे बसवणे कायद्याने मना आहे आणि जिवाला धोक्याचेही. पण भर पावसात डोक्यावर बाजार घेऊन चढणाऱ्या म्हातारीला "आत जागा नाही, मावशी" असे सांगताना जीव कसनुसा होतो. काही जण रागावले, "देवाची गाडी म्हणता आणि गरिबाला घेत नाही" असेही ऐकवले. आम्ही एक मार्ग काढला. माणसे चालतात, ओझे आम्ही नेतो. प्रत्येकाचे गाठोडे वर शाळेच्या ओट्यावर उतरवतो. आता तीच म्हातारी गाडी दिसली की हसत डोक्यावरची पाटी काढते.

गाडी जिथे पोहोचत नाही

१९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यातील इरसालवाडीवर दरड कोसळली. त्या ठाकूरवाडीला रस्ता नव्हता. बचावकार्याला गेलेली माणसे पावसात डोंगर चढून पायी पोहोचली. यंत्रे वर नेता आली नाहीत. आपल्या भागातही अशा वाड्या आहेत, जिथे आमची गाडी कितीही बदल केले तरी जाणार नाही. तिथे झोळीच आहे.

म्हणून गाडी हा रस्त्याला पर्याय आहे असे कुणी समजू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने आदिम जमातींसाठी पीएम-जनमन ही योजना सुरू केली. तिच्यात घरांबरोबर रस्त्यांचाही समावेश आहे आणि कातकरी त्यात येतात. वाडीतल्या तरुणांना अर्ज लिहायला, ग्रामसभेत मागणी मांडायला मदत करणे हेही आमच्या सेवेचा भाग आहे. रस्ता हा त्यांचा हक्क आहे, तो त्यांनी आमच्याकडे मागायचा नाही.

जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले, तेव्हा गावातल्याच साध्या, अनेकदा निरक्षर बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. बाहेरून येणारी गाडी आठवड्यातून एकदा येईल. वाडीतली शिकलेली बाई रोज तिथेच असते. आमच्याही गाडीची सर्वांत उपयोगी फेरी ती असते, जेव्हा आम्ही परिचारिकेला वर नेतो आणि ती तिथल्या बायांना शिकवून येते.

तर पुन्हा दान कशाला?

आता त्या गृहस्थांना नीट उत्तर देतो. गाडी घेणे हा एकदाचा खर्च असतो. तिला चढावर चालण्याजोगी ठेवणे हा दर पावसाळ्याचा खर्च आहे. या वर्षी मृग नक्षत्राच्या आधी चार टायर, क्लच प्लेट, ब्रेकचे लायनर आणि हाताच्या विंचेसाठी नवी तार लागेल. नळी, लोखंडी गार्ड किंवा झगमगते दिवे नकोत. कुणाला वस्तुरूपाने द्यायचे असेल तर जाड, धुतलेल्या सुती चादरी द्या. त्या झोळीला लागतात आणि रुग्णाबरोबर गेलेली चादर क्वचितच परत येते.

प्रार्थनेसाठी तीन विषय: पावसाळ्यात दिवस भरणाऱ्या मातांसाठी, भट्टीवर गेलेल्या मुलांचे शिक्षण सुटू नये म्हणून, आणि रात्री ओहोळाकाठी उभे राहून निर्णय घ्यावा लागतो तेव्हा चालकाला शहाणपण मिळावे म्हणून.

आणि एक आनंदाची बातमी. ज्या ताईने माझ्या गाडीतून उतरून चालणे पसंत केले होते, तिचे दुसरे बाळंतपण गेल्या भाद्रपदात झाले. या वेळी ती स्वतः म्हणाली, "गाडीनेच जाऊ." वाटेत मी दोनदा विचारले, धक्के बसतात का? ती म्हणाली, "बसतात. पण चालते."

प्रभूच्या सेवेत आपला,
गाडीची देखभाल पाहणारा सेवक